कपाटावरची बॅग

“बॅग कधी रिकामी करू नकोस. आणि आपलं दुःख परक्याला दाखवू नकोस!”

देश सोडताना सासूबाईंनी दिलेली ही ताकीद आईंनी बावीस वर्षं पाळली. नव्या देशात मुलगा वाढला, कमावता झाला, सून आली. पण कपाटावर चादरीखाली झाकलेली ती बॅग भरलेलीच राहिली. कधी कोण ‘निघा’ म्हणेल, याचा काय नेम?

आई हॉटेलच्या धुलाईघरात घड्या घालण्याचं काम करत. म्हणूनच त्या दिवशी बॅग उघडताच त्यांच्या नजरेला खटकलं. टॉवेलची घडी दोन पदरी होती. त्यांची नेहमी तीन पदरी!

वस्तू सगळ्या जागेवर होत्या. मग उचकाउचक कशासाठी? सून इथंच जन्मलेली. रोज संध्याकाळी जाड वही छातीशी धरून बाहेर पडायची. विचारलं की, “वाचनालयात जाते, आई,” एवढंच. त्या दिवसापासून चहात साखर कमी पडली तरी आईंना त्यात डाव दिसू लागला.

“तिला विचारलंस?” धुलाईघरातल्या इस्त्रीवाल्या मावशींनी विचारलं.

“चोर कधी कबूल करतो का, मावशी?”

“संशय म्हणजे थंड इस्त्री गं. हात दुखतो, सुरकुती काही जात नाही. चल, सुट्टी झाली की दोघी जाऊन बघू.”

वाचनालयाच्या दारातच आई थबकल्या. भिंतीवर त्यांची बॅग! जुन्या घराची किल्ली, मुलाचं झबलं, एका काडीचा चष्मा... एकेक वस्तू चितारलेली. वर फलक होता: ‘आमचं घर. प्रदर्शन उद्यापासून.’ शेवटच्या चित्रात फक्त दोन हात होते, बॅगेचा पट्टा चाचपणारे.

“आमची लाज चव्हाट्यावर टांगलीस!” आई भिंतीपाशी उभ्या असलेल्या सुनेला म्हणाल्या. “चोरून?”

सुनेचा चेहरा उतरला. “चुकले, आई. विचारायला हवं होतं. पण तुम्ही रोज त्या बॅगेला हात लावून झोपता. हे घर तुम्हाला कधी आपलं वाटणारच नाही का? बोलायचा धीर झाला नाही, म्हणून चितारलं. उतरवते सगळं.” ती एकेक टाचणी काढू लागली.

“थांब गं पोरी!” मावशींनी तिचा हात धरला. “माझ्याही कपाटावर आहे अशीच बॅग. तीस वर्षं झाली!”

आई मावशींकडे वळल्या. अकरा वर्षं शेजारी उभं राहून काम केलं, आणि दोघींनी एकमेकींना हे सांगितलं नव्हतं!

मग आई टॉवेलच्या चित्राजवळ गेल्या. “टॉवेलची घडी चुकली आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “तीन पदरी हवी. उद्या दार उघडायच्या आत खरी बॅग घेऊन येते. बघून नीट काढ.”

“नक्की, आई?”

“शब्द दिला ना!”

वाचकहो, देवाला न सांगता सगळं कळतं. माणसांना मात्र सांगावं लागतं, दाखवावं लागतं. झाकून ठेवलेल्या दुःखाला संशयाची बुरशी लागते. आणि दुसऱ्याचं दुःख मांडायचं, तर आधी त्याच्या दारावर टकटक करावी.

सकाळी देवापुढे हात जोडून आईंनी बॅग खाली उतरवली. वरची चादर तीन पदरी घडी घालून कपाटात ठेवली, आणि बॅग घेऊन बाहेर पडताना आवाज न करता घराचं दार ओढून घेतलं.