घोटभर रस

तैता लोकांच्या डोंगरमाथ्यावर उरलेल्या एवढ्याशा रानात राहणारं, काळ्या गळ्याचं ते चिमणीहून लहान पाखरू सावली सोडून कधी उन्हातसुद्धा यायचं नाही. मग त्याची कातर किरकिर भावाच्या घरात कशी ऐकू यावी, हे मकांबुरीला आधी कळेचना. चुलीवर मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घोटता घोटता तिनं वळून पाहिलं. दारात लेंजो उभा होता, आणि त्याचं तोंड उघडं होतं.

लेंजो तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला पाठीशी बांधून वाढवलेला, आणि रान तोडायचा ठेका घेतला तोही त्यानंच. ती भांडली नाही, अवाक्षर बोलली नाही. राग तेवढा पोटात राहिला. पहिलं झाड आडवं झालं त्या दिवशी लेंजोचा आवाज गेला. तो बोलू पाही आणि गळ्यातून पाखरू बोले. रानात मात्र, जिथं मकांबुरी वर्षानुवर्षं त्या पाखरांची घरटी राखत आली होती, तिथं चिडीचूप झालं होतं.

तैतांना यावरचा उपाय शिकवावा लागत नाही. माणसाच्या पोटातला राग न पाठवताही जाऊन आपल्याच माणसाला लागतो. उसाच्या रसाचा घोट तोंडात घ्यायचा, फुर्रकन थुंकायचा आणि म्हणायचं, मनात काही नाही. की सुटलं.

दुपारी अंगणात गावातले सगळे जमले.

"घे बाई," म्हाताऱ्या म्वाकिशानं रसाचा तुंबा पुढं केला. "एवढ्याशा पाखरापायी सख्ख्या भावाला मुका ठेवणारेस?"

"मुका कुठाय? चांगला गातोय की."

कुणी हसलं नाही.

"राग थुंक, मकांबुरी. पोर बरं होईल."

"आणि बरं झालं की उद्या करवत घेऊन वर जाईल! रानाला हात लावणार नाही असा शब्द द्या सगळ्यांनी, आत्ता थुंकते."

"ठेका झालाय आता," म्हातारा पुटपुटला.

लेंजोच्या डोळ्यांत पाणी होतं. लहानपणी ताप चढला की तो असाच बघायचा. तिचा जीव तुटला. तिनं तुंबा घेतला, तोंड भरून घोट घेतला. माणसं शिंतोडे चुकवायला मागं सरकली.

लेंजोकडे बघत तिनं तो गिळला.

तेवढ्यात वरच्या रानातून, धुक्यातून हाक आली. "ताई, घरी ने ना गं!"

आवाज लेंजोचा होता. लेंजो तिच्यासमोर बसला होता, तोंड मिटून, मान तिरकी करून ऐकत.

मकांबुरीनं तुंबा पुन्हा तोंडाला लावला आणि तळाचा रसही पिऊन टाकला; थुंकायला थेंब उरू दिला नाही.