राखेवरच्या खुणा

वच्छलाला फेफरं यायचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी जेऊरला, नवऱ्याच्या, कुंडलिकच्या घरी, ते सुरू झालं. बाहेरची बाधा म्हणून दोन देवऋषी झाले. गुण येईना, तेव्हा कुंडलिकनं तिला सोलापुरात आणून सोडलं ते कायमचंच. गिरणीच्या सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यात तिनं चार वर्षं काढली. मग एका दुपारी ती चालत्या यंत्रापाशी कोसळली आणि दुसऱ्या दिवशी कामगार बायकांवर देखरेख करणाऱ्या नाईकिणीनं तिला फाटकातूनच परत पाठवलं. तेव्हापासून चाळीतल्या खोलीत बसून ती विणकरांना चाकावर सुताच्या कांड्या भरून द्यायची. शेजारच्या केराबाई तशा मायाळू, पण वच्छलाच्या खोलीत धडपड ऐकू आली की त्याही आपलं दार ओढून घ्यायच्या.

१९३३च्या उन्हाळ्यात तिच्या कानावर आलं, की मुंबईला शिकून आलेले डॉक्टर सिद्रामप्पा मेंदूच्या दुखण्यांवरची परदेशी मासिकं मागवून वाचतात. ती गेली. त्यांनी नवस-सायास काही विचारले नाहीत. झटका कुठून सुरू होतो, आधी कोणता हात उडतो, एवढंच विचारलं. तिला काय ठाऊक? ती तेव्हा शुद्धीत कुठं असायची!

"मग ज्यानं पाहिलंय त्याला घेऊन ये," डॉक्टर म्हणाले.

"बगणारं कुणीच न्हाय, डाक्टरसाब. समदी दारं लावून घेत्यात."

डॉक्टरांनी सांगितलं, की जर्मनीत डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज कागदावर उमटवतात. इकडं ते यंत्र यायला अजून कैक वर्षं लागतील. तोवर कुणाच्या तरी डोळ्यांवरच भिस्त.

घरी येईपर्यंत वच्छलाच्या डोक्यात तेच घोळत होतं. झटक्याआधी तिला जळक्या शेंगदाण्यांचा वास यायचा. कुठं काही भाजत नसताना यायचा. दहा आकडे मोजावेत एवढी सवड मिळायची. दुसऱ्या दिवशी तिनं चुलीतली राख जुन्या लुगड्यातून गाळली, सारवलेल्या जमिनीवर पातळ पसरली आणि कोपऱ्यात कांड्या भरत बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वास आला. चाक बाजूला सारून ती राखेत उताणी पडली.

शुद्ध आली तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. खुणा मोडू नयेत म्हणून ती बेतानं उठली आणि तिनं मागं वळून पाहिलं. आपलं दुखणं ती आज पहिल्यांदा बघत होती. डावीकडं अंगाचा नुसता ठसा होता. उजवीकडं मात्र हातानं आणि टाचेनं राख पार खालच्या जमिनीपर्यंत खरवडून काढली होती.

तिनं राख झाडून पुन्हा पसरली. पुढच्या झटक्यालाही खुणा उजवीकडंच उमटल्या. तिसऱ्या वेळी तिनं काहीच झाडलं नाही. दाराला कुलूप घातलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टरांनी बूट बाहेर काढले. कितीतरी वेळ ते उकिडवे बसून त्या खुणा बघत राहिले. मग त्यांनी तिच्या डाव्या कानाच्या वर चाचपलं. केसांखाली जुनी खोक होती. नऊ वर्षांची असताना तिथं बैलगाडीचं जू लागलं होतं.

"उजवं अंग मेंदूच्या डाव्या बाजूच्या ताब्यात असतं," ते म्हणाले. "ही त्या माराची खूण आहे. बाधा वगैरे काही नाही."

"हे कागदावर लिवून द्याल का?" तिनं विचारलं.

त्यांनी लिहून दिलं आणि ल्युमिनाल नावाच्या औषधाच्या पुड्याही दिल्या. आठवड्याला दोनदा येणारा झटका दोन महिन्यांतून एकदा येऊ लागला. पुरता जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

तो कागद तिनं जेऊरला धाडला. महिन्याभरानं कुंडलिक आला. त्यानं दुसरं लग्न केलं होतं, पोर झालं होतं. तो आत आला नाही, उंबऱ्यावरच बसला. गावातल्या मास्तरांकडून तो कागद वाचून घेतला, म्हणाला.

"मला ठावं न्हवतं, वच्छला."

"कुणालाच न्हवतं," ती म्हणाली.

जोंधळ्याची पिशवी ठेवून तो दुपारच्या गाडीला निघाला. ती त्याच्या मागोमाग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. त्यानं एकदा मागं पाहिलं आणि तो वळणाआड गेला. ती परत आली, पाण्याबरोबर पुडी घेतली आणि संध्याकाळपर्यंत द्यायच्या कांड्यांना हात घातला.