खेमसिंगची गाठ

उमरखेडजवळच्या तांड्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या पार ओढ्यापर्यंत सोडून ठेवल्या होत्या. आंब्याखाली बाजेवर खेमसिंग उघड्या पोटानं निजला होता आणि उशाशी हातानं गाठी काढतो म्हणणारा गाठीबाबा उभा होता. साल १९६३. मी उमरखेडच्या दवाखान्यातला कंपाउंडर, बाबाराव. गर्दीत माझी धाकटी बहीण पंचफुला दिसली, म्हणून मीही थांबलो.

"सुरी नाही, टाका नाही," बाबा सांगत होता. "नागपूरच्या डॉक्टरनं फांदी तोडली. मी मूळ उपटतो. मूळ डॉक्टरच्या पुस्तकात दिसत नाही, माह्या बोटाले दिसते."

खेमसिंगच्या यकृतातली गाठ वर्षापूर्वी नागपूरला कापून काढली होती. ही परत येऊ शकते, दाखवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो नेमानं जात राहिला. दिवाळीनंतर पोटात पुन्हा गाठी हाताला लागल्या. आता कापता येणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं आणि दुखणं कमी करणारं औषध लिहून दिलं. ते मीच बांधून देत असे.

चेल्यानं खेमसिंगच्या पोटावर हळद थापली. बाबानं कमंडलूत हात बुडवले, पोटावर चोळले, आणि पोट लालभडक झालं. बाया कुजबुजल्या, रक्त आलं. बाबानं ओल्या कापसाचा बोळा पोटावर दाबला, आत बोटं खुपसल्यासारखी केली आणि काळपट मांसाचा गोळा बाहेर ओढला. दोन-तीनशे माणसांनी हात जोडले.

"एकवीस दिवस डॉक्टरचं औषध बंद," बाबानं हुकूम सोडला. गोळा त्यानं खेमसिंगच्या बायकोच्या, हंसाबाईच्या ओच्यात टाकला. "हे पुरून टाक. उघडून पाहाल, तर रोग दुसऱ्याले लागेल."

पंचफुला माझ्याजवळ आली. "दादा, मी नागपूरले नाही जात. बाबा परवाच्या दिवशी माही गाठ काढतो म्हणे."

तिच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. लवकर काढली तर बाई वाचेल, असं आमचे डॉक्टर म्हणाले होते. मी समजावू लागलो तर ती म्हणाली, "तुह्या दवाखान्यानं खेमसिंगभाऊ बरा झाला काय?"

मी तसाच दवाखान्यात परतलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हंसाबाई दवाखान्यात आली. तिनं गोळा बांधलेलं फडकं सोडलं.

"मी पुरलं नाही, भाऊ. मालक कालपासून तळमळून राह्यले. मूळ निघाल्याची आग हाये म्हणतात. निघालं असतं तर दुखलं कायले असतं? म्हणून मी विळ्यावर कापून पाह्यलं."

गोळ्याच्या आत ज्वारीचे दाणे होते, बारीक खडे होते.

"माणसाच्या पोटात खडे नसतात. कोंबडी ज्यात दाणे भरडते ना, ती पिशवी हाये ही, कापसात लपवून आणली असंल. जलमभर कोंबड्या कापल्या मी."

मी तिच्या तळहातावर हळद ठेवली आणि चुन्याचं पाणी टाकलं. हात लाल झाला. "बाबाच्या कमंडलूत हेच असणार," मी म्हणालो. तिनं हात पदराला पुसला.

"त्यायले कसं सांगू? पेरणीचं बोलून राह्यले ते."

मी तिच्यासोबत तांड्यात खेमसिंगकडे गेलो. औषध दिलं. दुखणं उतरल्यावर हंसाबाईनं गोळ्याच्या त्या दोन फाका त्याच्यापुढं ठेवल्या. खेमसिंगनं त्या बोटानं उलटून पाहिल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

"बाबाराव, हे मले काहून सांगितलं? कालपासून वाटत होतं, मी जगतो."

"पंचफुला उद्या त्याच्याकडं चालली," मी म्हणालो.

त्यानं तोंड पुन्हा माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "सकाळी माही बाज तिथं न्या."

सकाळी चौघांनी बाज उचलून आंब्याखाली ठेवली. खेमसिंगनं पंचफुलेचा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. "दाब, बाई. लागते ना? तीच गाठ. यानं काही काढलं नाही."

"औषध खाल्लं असंल यानं," बाबा गरजला. "म्हणून मूळ फुटलं."

हंसाबाई पुढं झाली. फाका तिनं सगळ्यांसमोर धरल्या, मग तळहातावर हळद घेतली. "ही लाल करून दाखवा, महाराज. पण कमंडलू नको, आधी ओढ्याच्या पाण्यानं हात धुवा."

"ओढ्याच्या पाण्यानं सिद्धी जाते," बाबा म्हणाला.

मागं कोणीतरी हसलं. मी चुन्याचं पाणी तिच्या हळदीवर ओतलं आणि हात लाल झाला. निम्मी गर्दी पांगली. निम्मी तरीही बसून राहिली, त्यात तान्ही पोरं घेतलेल्या आया होत्या. त्यांच्याकडे बघून मला बाबाला पाहून वाटली त्याहून जास्त भीती वाटली.

पंचफुला दुसऱ्याच दिवशी माझ्यासोबत नागपूरच्या एसटीत बसली. तिची गाठ निघाली, ती आज धडधाकट आहे. खेमसिंग चैत्रात गेला. शेवटपर्यंत औषध घेत होता, म्हणून जाताना फार तळमळला नाही.

गाठीबाबा पुढं केळापूरकडे दिसल्याचं ऐकतो. म्हणून हे लिहिलं. काही दुखण्यांवर डॉक्टरांजवळही इलाज नसतो, आणि तसं ते तोंडावर सांगतात. ते ऐकणं जड जातं. पण गाठ लागली तर दवाखान्यात जा, दिवस घालवू नका. आणि कोणी तुमच्या पोटातून काही काढून दाखवलं, तर ते कापून पाहा.