स्टुलावरचा सूर

"माझ्या पोरीने डिग्रीला वादन नाही घेतलं, तर तुझ्या दुकानासमोर स्टुलावर उभा राहून मी तिचं क्लॅरिनेट वाजवीन!" लिफ्टवाल्याने छाती ठोकली.

"आणि घेतलं, तर मी परकर घालून नाचतो," शिंपी दाताने दोरा तोडत म्हणाला.

शेजारच्या नर्समावशींनी दोघांचे हात हातात घेऊन पैज पक्की केली. "पण काय हो, संगीताच्या डिग्रीतसुद्धा प्रकार असतात?"

"मग! लिफ्ट नाही का, माणसांची वेगळी, सामानाची वेगळी? एक डिग्री नुसती वाजवायची, दुसरी वाजवायला शिकवायची, तिसरी रेकॉर्डिंगची. आमची बया स्टेजवरच जाणार!"

लिफ्ट दुरुस्त करता करता त्याचा जन्म लिफ्टखालच्या काळोख्या खड्ड्यांत गेला होता. पोरगी झगझगीत उजेडात उभी आहे आणि आपण पहिल्या रांगेत पाय पसरून बसलोय, हे चित्र त्याने केव्हाच रंगवून ठेवलं होतं.

संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मी शिकवण्याची डिग्री घेतेय."

त्याचा घास हातातच राहिला. "का गं? माझ्या पगाराकडे बघून? नोकरी पक्की म्हणून?"

"नाही रे. मला आवडतं ते."

त्याला काही पटलं नाही. पोरीने आपल्यापायी मन मारलं, हे त्याच्या डोक्यात रुतून बसलं.

रविवारी अख्खी गल्ली जमली. लिफ्टवाला ऐटीत स्टुलावर चढला, गाल टम्म फुगवले आणि फुंकर मारली. गंजलेलं दार करकरावं तसा आवाज निघाला. दुकानापुढचं कुत्रं शेपूट घालून पळालं.

"अरे, तेल घाल त्याला!" शिंपी पोट धरून हसत होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लेक पुढे आली.

"बाबा, गाल नको फुगवू. डावा हात वर घे. आणि खांदे कशाला चढवलेस? कोणी मारतंय का तुला?"

हशा पिकला. ती मात्र हसली नाही. भोवती गल्ली लोटलीय, हे तिच्या गावीही नव्हतं.

"पुन्हा."

करकर.

"छान. जवळ आलास. पुन्हा."

लिफ्टवाला तिच्याकडे बघतच राहिला. स्वतः वाजवताना तिचा चेहरा असा कधीच फुलला नव्हता. पहिल्या रांगेतली ती खुर्ची त्याने मनातल्या मनात रिकामी केली आणि हलकेच फुंकर घातली.

एकच सूर निघाला. सरळ, गोल. शिंप्याचं हसू थांबलं.

"फिटली रे पैज! उतर आता," तो म्हणाला.

लिफ्टवाल्याने भोकांवर बोटं पुन्हा नीट बसवली.

"थांब जरा. बाई सोडत नाहीत."