चामटोलीची काडीमोड

"लग्नाचा फोटो? पत्रिका? भटजी?" उल्हासनगरच्या वकीलबाईंनी विचारलं. चांगुणाने तिन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. "मग घटस्फोट कसला घेताय, मावशी? लग्नच नाही. उठायचं नि चालू पडायचं."

भाडेकरूसारखं चालू पडायचं, हे चांगुणाच्या जिव्हारी लागलं. बुवापाड्याच्या खोलीत तिने नि चंदरने अर्धं आयुष्य काढलं होतं. भांडण काही नव्हतं. चंदरची कंपनी बंद पडली नि त्याला गावची, चामटोलीची शेती ओढू लागली. तिचा जीव जीन्सच्या शिलाईत, गल्लीतल्या बायांत. दोघांमधलं बोलणं आटत आटत चहापुरतं उरलं. सुटायचं दोघांनाही होतं. पण तिला बायको म्हणून सुटायचं होतं.

"मला काडीमोड पाहिजे," ती चंदरला म्हणाली. "तुमच्या माणसांपुढे."

म्हणून रविवारी ती चामटोलीच्या ओट्यावर येऊन बसली. या घराची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. समोर बसलेली चंदरची थोरली बहीण ठमाबाई आजवर तिचं नावही घेत नसे, फोनवर फार तर "ती बरी आहे ना?" एवढंच. शेजारी गावचे जुने पंच रामभाऊ बसले होते.

"आता काडी कोण मोडतं गं?" रामभाऊ हसले. "पोरं मोबाईलवरच मोडतात."

ठमाबाई हसली नाही. "मोडायला आधी जुळावं लागतं. यांना हळद कोणी लावली? अक्षता कोणी टाकल्या?"

चांगुणाची नजर खाली गेली. इथेही तेच.

खांबाला टेकलेला चंदर हळूच बोलला, "आक्का, आम्ही खोली घेतली तेव्हा नळावर बायांनी हिचा हंडा अडवला. म्हणाल्या, कोणाची कोण ते सांग, मग पाणी भर. मी रात्रपाळी संपवून येत होतो, भिंतीआड थांबलो. ही म्हणाली,

नळाला आलं पाणी, हंडा भरू द्या काठोकाठ,
चंदररावांचं नाव घेते, सोडा बायांनो वाट."

चांगुणाचा हात तोंडावर गेला. यांनी ऐकलं होतं! त्या सकाळी चंदरने न बोलता तिचा हंडा खांद्यावर घेतला होता, गल्लीभर बाया फिदीफिदी हसल्या होत्या, नि ती ओल्या पदराने मागून लाजत चालली होती. का घेतला, ते त्याने कधी सांगितलं नाही.

"चार बायांत हिनं नाव घेतलं. मी नाही म्हटलं नाही. अजून कसलं लग्न असतं, आक्का?"

 ठमाबाई उठली, पेंढ्यातून एक काडी काढून आणली नि भावाच्या हातावर ठेवली.

काडी दमट होती. वाकली, पण तुटेना. तेव्हा चांगुणाने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ओढली, तशी तुटली.

"येते, वन्सं," ती म्हणाली. शब्द आपसूक तोंडातून गेला.

"जेवल्याशिवाय कुठं?" ठमाबाई करवादली. "या घरची सून उपाशी गेली, असं ऐकायचंय होय मला? जा, ताटं घे."

चांगुणा आत गेली. ताटं कुठे असतात ते तिला ठाऊक नव्हतं. चंदर दाखवायला मागोमाग आला.