मला आता काढा

मी एक जुनी नळी आहे. हसू नका मित्रांनो, दवाखान्यातल्या नळीला म्हातारपण लवकर येते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी काडेपेटीतल्या काडीहून बारीक, मऊ आणि आतून-बाहेरून गुळगुळीत होते. बंद पाकिटात पडून वाट पाहत होते. मग मला ठमी मिळाली.

ठमी हे सिस्टरांनी ठेवलेले लाडाचे नाव. दीड वर्षाची पोर, अंगात हाडे तेवढी उरलेली. आतड्याचे ऑपरेशन झालेले, तोंडाने घोटभर पाणीही चालत नव्हते. हातापायांच्या शिरा टोचून टोचून संपल्या होत्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला तिच्या गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत बसवले आणि टाके घातले. तेव्हापासून तिचे अन्न, पाणी, औषध सारे माझ्यातून. सुया थांबल्या. तिची आई माझ्यावरून नुसती नजर फिरवायची आणि म्हणायची, "हिच्यावरच चाललंय सगळं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

मग एके दिवशी माझ्या बाहेरच्या तोंडाचे झाकण कुणीतरी घाईत, नीट न पुसता उघडले. कोणी, ते मला ठाऊक नाही. सगळ्यांचेच हात कामात होते. बुरशीच्या काही पेशी आत शिरल्या आणि माझ्या भिंतीला चिकटल्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार. त्यांनी लांब धागे काढले, धाग्यांत धागे गुंतवले आणि स्वतःच्याच चिकट रसाचे पांघरूण अंगावर ओढून घेतले. डॉक्टर याला बायोफिल्म म्हणतात. पाहुणी म्हणून आलेली बुरशी माझ्याच घरात किल्ला बांधून बसली.

ठमीला ताप भरला. रक्त तपासले, त्यात बुरशी सापडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळी काढायलाच हवी. आईने हात जोडले.

"डॉक्टर, एवढी काढू नका हो. दुसरी शीर आहे कुठे तिला?"

डॉक्टरीणबाईंनी ते काळेनिळे हात पाहिले आणि त्यांचेही मन द्रवले. औषध देऊन पाहू, म्हणाल्या.

औषध माझ्यातूनच आले. रक्तात तरंगणाऱ्या पेशी मेल्या, ताप उतरला, आई हसली. मी मात्र आतल्या आत ओरडत होते. बरेचसे औषध त्या चिकट पांघरुणातच अडकत होते. जे आत पोचे, ते काही पेशी पुन्हा बाहेर फेकत. आणि अगदी तळाशी काही पेशी नुसत्या निजून होत्या. वाढणाऱ्यांना मारणारे औषध निजलेल्यांचे काय वाकडे करणार? त्या जाग्या होत, थराचे तुकडे रक्तात सुटत. पुन्हा ताप. औषध वाढवले, मग बदलले. पुन्हा ताप. ठमीची आत्या भेटायला आली की म्हणायची, निदान ही नळी तरी गुणाची निघाली. तेव्हा वाटे, टाके तोडून आपणच बाहेर पडावे. पण नळीला कुठले हात?

ठमीचे रडणे बारीक होत गेले. मग नुसते ओठ हलायचे.

आईचा डोळा मात्र लागत नव्हता. सिस्टरने सलाईन सोडून मला आतून धुतले की थोड्याच वेळात ठमीला हुडहुडी भरते, हे तिने पाहिले. पुन्हा पाहिले. पुढच्या वेळी सिरिंज माझ्या तोंडाशी आली, तेव्हा तिने सिस्टरचा हात धरला.

"थांबा सिस्टर. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टरीणबाई आल्या. आई म्हणाली, "मीच नको म्हटलं होतं. आता मीच सांगते, काढा ही."

"पुन्हा सुया टोचाव्या लागतील. किती, ते सांगता यायचं नाही."

"टोचा. मी धरते तिला."

टाके कापले, मी सरकन बाहेर आले. मग ठमीच्या पायात सुई शिरली. शीर सापडेना. दुसऱ्या पायात शिरली. आई तिचे पाऊल घट्ट धरून भिंतीकडे बघत होती. शेवटी घोट्याजवळ एक शीर हाताला लागली.

माझे टोक कापून तपासणीला गेले. बाकीची मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत पडले आहे. ठमी वाचेल का, मला माहीत नाही. तिच्या रक्तात बुरशी अजून आहे. नवीन तुकडे मात्र आता सुटत नाहीत, एवढेच. मित्रांनो, पिशवीला गाठ बसण्याआधी सांगते. कुणाच्या नळीला शिवण्याआधी हात धुवा, तिचे तोंड नीट पुसा. आणि ती कधीकाळी उपयोगी पडली म्हणून तिच्यावर माया करत बसू नका. मी ठमीला धरून ठेवले नव्हते. तिच्या मायेच्या माणसांनी मला धरून ठेवले होते.