मुलोंडोच्या तोंडून

न्येंडोतल्या सेन्तोंगोच्या व्हिडिओ हॉलमध्ये चित्रपट नुसता दाखवत नसत, तो मुलोंडो बोलून दाखवायचा. पडद्याशेजारी उंच स्टुलावर बसायचं, माइक ओठांना लावायचा आणि पडद्यावरची माणसं इंग्रजीत, चिनीत काहीही बरळोत, त्यांच्या तोंडी गावची लुगांडा भाषा घालायची. त्याचे चिनी पहिलवान मारामारी थांबवून मसाक्याच्या बाजारातल्या केळ्यांवरून भांडत आणि लोक बाकांवरून घसरेपर्यंत हसत. उचलली जीभ लावली टाळ्याला, हाच त्याचा धंदा होता आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या रविवारी दुपारी मात्र चित्रपट चेष्टेचा नव्हता. गायिका नाल्वोगाच्या शेवटच्या मोठ्या कार्यक्रमावरचा माहितीपट होता, आणि तोही इंग्रजीत. नाल्वोगा न्येंडोचीच पोर. चौतिसाव्या वर्षी ती गेली तेव्हा अख्खं गाव रडलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं मुलोंडो. हॉलच्या दारावर तिचं चित्र त्यानंच काढवून घेतलं होतं. कंपालातल्या त्या कार्यक्रमाला तो हजर होता. गर्दीनं तिच्यावर बाटल्या फेकल्या तेव्हा आपण चौघांच्या थोबाडीत भडकावल्या, असं तो तीन वर्षं सांगत आला होता. थोबाडं दरवर्षी वाढत होती.

पहिल्या बाकावर नाल्वोगाची आई बसली होती. गाव तिला माई म्हणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पडद्याच्या जागी तिला नुसता उजेड दिसे. इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. लेक तिच्यापर्यंत पोचायची तर मुलोंडोच्या जिभेवरूनच.

"माई, नीट ऐकू येतंय ना?"

"येतंय रे लेका. पण ते चिन्यांचं करतोस तसलं काही मध्ये घालू नकोस."

"छे, माई. ती बोलेल तेच."

पाच मिनिटंसुद्धा तो शब्द टिकला नाही. पडद्यावर नाल्वोगा पायरीवर बसून कुरकुरत होती की डावा बूट चावतो. मुलोंडोनं माईच्या वर उचललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती म्हणते, स्टेजवर पाऊल टाकायच्या आधी मी आईचं नाव घेते." माईनं डोळे पुसले. मागच्या बायकाही मुसमुसल्या. आपल्या हातून पुण्य घडलं, असं मुलोंडोला मनापासून वाटलं.

मग कार्यक्रम सुरू झाला. नाल्वोगा अडीच तास उशिरा आली होती. स्टेजच्या मागे तिला सलाईन लावलं होतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच गाण्यात तिला धाप लागली, शिट्ट्या सुरू झाल्या, बाटल्या उडाल्या. हे येणार हे मुलोंडोला माहीत होतं. तो निर्धास्त होता, चाळीस हजारांच्या गर्दीत एक माणूस कुठे दिसायला बसलाय!

कॅमेरा गर्दीकडे वळला आणि चित्र संथ झालं. पिवळा शर्ट. मागे ताणलेला हात, हातात अर्धी भरलेली बाटली, आणि दात दिसतील इतका वासलेला त्याचा स्वतःचा चेहरा.

विचार करायच्या आत जीभ पुढे धावली. "आणि हा बघा, एक भला माणूस तिला पाणी देतोय!"

"अरे, हा तर आपला मुलोंडो!" कोणीतरी ओरडलं. सेन्तोंगोनं कौतुकानं चित्र तिथेच थांबवलं.

"पाणी दिलं आणि तीन वर्षं बोलला नाही?"

"हा? हा तर झोपेतही बोलतो."

टाळ्या वाजत होत्या. मुलोंडो स्वतःच्या त्या चेहऱ्याकडे बघत होता. पिवळा शर्ट त्यानं तिच्यासाठी घातला होता, पिवळा तिचा रंग. सहा तास उभं राहून पाय भरून आले होते आणि सगळे फेकायला लागले तेव्हा त्यालाही वाटलं, हिनं मलाच फसवलं. त्यानं फेकली. आणि फेकल्यावर त्याला बरं वाटलं होतं. तेच आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं करत होतं.

माई बाकावरून उठली. चाचपडत स्टुलापाशी आली आणि मोठ्या माणसापुढे टेकावेत तसे तिनं त्याच्यापुढे दोन्ही गुडघे टेकले. टाळ्या थांबल्या. एवढी म्हातारी बाई, आणि याच्यापुढे.

"तहानली होती का रे ती? देव तुझं भलं करो."

मुलोंडो स्टुलावरून उतरला आणि तिच्यासमोर खाली बसला. "माई, उठा." आवाज हळूच काढला होता, पण माइक हातातच राहिला होता आणि प्रत्येक शब्द चारी कोपऱ्यांतून घुमला. "मी पाणी दिलं नाही. बाटली फेकली."

"लागली तिला?"

"माहीत नाही. खूप जण फेकत होते."

"मी तुझं विचारतेय."

"लागावी म्हणूनच फेकली, माई."

माई उठायला धडपडली. त्यानं हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. बाक चाचपत जागेवर जाऊन बसली.

"आणि ते माझ्या नावाचं?" तिनं विचारलं. "ते बोलली होती ती?"

हो म्हणायला जीभ तयारच होती. एका शब्दाचं तर काम होतं.

"नाही, माई. बूट चावतो म्हणाली."

"कुठल्या पायाचा?"

"डाव्या."

माईनं मान हलवली. "डावा मोठाच होता तिचा, लहानपणापासून." मग तिनं तोंड उजेडाकडे वळवलं. "सेन्तोंगो, पहिल्यापासून लाव. आणि तू रे, ती बोलेल तेवढंच सांग. आणि तुझी बाटली आली की गप्प बसू नकोस."